शाळेच्या कपाटातलं संग्रहालय

बालमित्रांनो, साखरखेर्डा हे गाव तुम्हांला ठाऊक आहे का? बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यातलं हे जुनं गाव. १७२४ साली इथं निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली आणि निजाम जिंकला. ही लढाई इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. पण गावातली मुलं शाळेत कधी जाऊ लागली, कोण शिकलं आणि कोण घरीच राहिलं, हा इतिहास कुठं सापडेल? तो जपणारी वस्तू साखरखेर्ड्यातच काय, तुमच्याही गावात आहे बरं का! ती कोणती, हे कळायला आधी थोडं मागं जाऊ या.

दीडदोनशे वर्षांपूर्वी शाळा म्हणजे पंतोजींची शाळा. ती देवळात, नाहीतर कुणाच्या वाड्याच्या ओसरीवर भरायची. वही नाही, पेन्सिल नाही. लाकडी पाटीवर धूळ पसरायची आणि काडीनं अक्षर गिरवायचं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी! यांनाच धुळाक्षरं म्हणत. हात वळला की मग बोरू, शाई आणि मोडी लिपी. पाढे तर केवढे! पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. साडेतीन रुपये भावानं सोळा शेर गुळाचे किती झाले? तुम्ही कागद शोधाल, तोवर पंतोजींचा विद्यार्थी 'छप्पन' म्हणून मोकळा!

गंमत म्हणजे ही धूळपाटी पार इंग्लंडला पोहोचली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमाचे प्रमुख होते अँड्र्यू बेल. इथली मुलं वाळूत अक्षरं काढताना त्यांनी पाहिली. त्यांनी ती रीत आपल्या शाळेत आणली आणि मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, अशी पद्धतही बसवली. तिकडं जोसेफ लँकेस्टर यांच्या शाळांतही असंच चाले. इंग्लंडमधल्या हिचिन गावी १८३७ सालचा असा एक वर्ग आजही आहे. एका मास्तरानं तीनशे मुलं सांभाळायची, अशा हिशेबानं तो बांधलेला. आता तिथं शाळांचं संग्रहालय आहे.

पण दोस्तांनो, पंतोजींच्या शाळेत एक मोठी उणीव होती. तिथं मुली जवळजवळ नसायच्याच. ज्यांना अस्पृश्य मानलं जाई, त्यांच्या मुलांना तर दारच बंद. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, ती म्हणूनच एवढी मोठी गोष्ट. तो जुना वाडा मात्र आज उभा नाही. स्मारक बांधण्यासाठी २०२३ साली तो पाडण्यात आला.

वाडे जातात, मग उरतं काय? साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल पाहा. तिथं एक जुनं रजिस्टर जपून ठेवलंय. त्यात १९१४ या क्रमांकावर नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर. हेच आपले डॉ. बाबासाहेब आंबेडकर! ७ नोव्हेंबर १९०० रोजी ते या शाळेत दाखल झाले. त्या काळी वर्गात त्यांना वेगळं बसावं लागे. बसायचं गोणपाट रोज घरून आणायचं आणि परत न्यायचं. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी सोडली तरच पाणी. रजिस्टरात यातलं काही लिहिलेलं नाही. तिथं आहे ते फक्त एक नाव. पण ते नाव तिथं आहे, म्हणून तर पुढचं सगळं घडलं! २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो.

आता आलं ना लक्षात? तुमच्या शाळेतलं संग्रहालय म्हणजे ऑफिसच्या कपाटातलं दाखल-खारीज रजिस्टर! शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मतारखेचा पुरावा हवा असला, की मोठी माणसं याच रजिस्टरासाठी येतात. पण त्याला वाळवी लागते, कसर लागते, पावसाचं पाणी लागतं. एक पान गेलं, तर त्यावरची सगळी नावं गेली.

म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घ्या आणि गुरुजींना, नाहीतर बाईंना, सोबत घेऊन हे रजिस्टर एकदा पाहा. हात कोरडे ठेवा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. कुणाची खासगी माहिती उतरवून घेऊ नका. फक्त एवढंच शोधा : पहिलं नाव कोणत्या साली लिहिलं? पहिल्या मुलीचं नाव कोणत्या साली आलं? त्यांच्यात किती वर्षांचं अंतर आहे?

पालकांनो, रजिस्टर उघड्या खिडकीखाली किंवा ओल्या भिंतीशी ठेवलेलं दिसलं, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढा. पत्र्याचं एक कोरडं कपाट मिळालं, तरी पुष्कळ झालं.

आणि मुलांनो, घरी गेल्यावर आजीला विचारा, "आजी, तुझं नाव कोणत्या शाळेच्या रजिस्टरात आहे गं?" ती 'कुठंच नाही' म्हणाली, तर 'का?' हेही विचारा. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. कारण ते कोणत्याच रजिस्टरात मिळणार नाही.