भिंत नसलेला तुरुंग कोण चालवतो?

तुरुंगावरच्या सिनेमात सत्ता कुणाच्या हाती आहे, हे ओळखायला वेळ लागत नाही. उंच भिंत, किल्ल्यांचा जुडगा, दंडुका आपटणारा शिपाई. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये हे सगळं लवकरच मागे पडतं. जेलर आदिनाथ खुनाच्या गुन्ह्यातले सहा कैदी मागून घेतो आणि त्यांना एका ओसाड जमिनीवर नेतो. तिथे ना गज, ना पहारा. मग हे सहा जण पळून का जात नाहीत?

सुरुवातीला ते आदिनाथला मानतात म्हणून नव्हे. त्यांना त्याचा संशयच येतो. आयुष्यभर ज्यांनी मार आणि हुकूम यांचीच भाषा ऐकली, त्यांना चांगुलपणात डाव दिसणारच. संधी मिळताच ते पळूही पाहतात. पण आदिनाथचे डोळे पाठ सोडत नाहीत आणि ते परत येतात. सिनेमाच्या नावातले ‘दो आँखें’ ते हेच. आदिनाथ सत्ता सोडून देत नाही, तिची जागा बदलतो. शिपाई झोपला की त्याची नजर चुकवता येते. मनात बसलेली नजर चुकवायची कुठे?

मात्र नुसत्या धाकाने माणूस नांगर धरत नाही. जमिनीतून पीक वर येतं तेव्हा कैद्यांची प्रेरणा बदलू लागते. आपल्या हातांनी खून केला एवढीच ओळख असलेल्यांना त्याच हातांनी पिकवलेली भाजी दिसते, तिला गिऱ्हाईक मिळतं. खेळणी विकणारी चंपा त्या रानात येते-जाते, तेव्हा संसाराची विसरलेली ओढही जागी होते.

आणि इथेच दुसरी सत्ता पुढे येते, बाजाराची. स्वस्त, ताजा माल आल्याने व्यापाऱ्याची मक्तेदारी हलते. त्याचा हेतू सरळ आहे, नफा टिकवणं. त्यासाठी गुंड पाठवायलाही त्याला काही वाटत नाही. शब्द दिलाय म्हणून खुनी मार खातात आणि उलटा हात उचलत नाहीत; हिंसा करतो तो गावातला प्रतिष्ठित माणूस. गुन्हेगार कोण, याचा निवाडा शांतारामांनी कोर्टाऐवजी बाजारात केला आहे. शेवटी शेतात बैल घुसवले जातात आणि ते रोखताना आदिनाथचा जीव जातो.

सिनेमाची खरी कसोटी या मृत्यूनंतर लागते. पाहणारा गेला, आता हे सहा जण काय करणार? शांताराम ते डोळे आकाशात दाखवतात. प्रसंग परिणामकारक आहे, पण त्यात दिग्दर्शकाची धास्तीही दिसते. नजरेशिवाय ही माणसं सरळ राहतील, असं म्हणायला सिनेमा धजावत नाही. आदिनाथ बापासारखा आहे, आणि बापाच्या छायेत मुलं मोठी होत नाहीत. कैद्यांनी खून का केले, त्यांना स्वतःला काय हवंय, हे त्यांच्या तोंडून फार थोडं कळतं.

ज्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांनी ही कथा रचली, तो या बाबतीत सिनेमाच्या पुढे होता. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ मध्ये, पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही खुली वसाहत उभी राहिली. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. पळून जायचं तर घरदार टाकून जावं लागतं, आणि राहायचं तर रोज सकाळी करायला स्वतःचं काम असतं. अशा व्यवस्थेत माणसाला धरून ठेवायला कुणा संताचे डोळे लागत नाहीत.

बर्लिनच्या महोत्सवात १९५८ मध्ये या सिनेमाला रौप्य अस्वल मिळालं आणि आदिनाथ अजरामर झाला. ते त्याच्या मानाचंच आहे. तरी कैदी सुधारायचे असतील तर आदिनाथची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. तसा जेलर नशिबाने मिळतो. स्वतंत्रपूरसारखी वसाहत मात्र सरकारला ठरवून उभारता येते.