आधी कोणत्या खाटेकडे?

खरिपाच्या हंगामातील एक पहाट. अमरावतीचे जिल्हा सामान्य रुग्णालय (लोकांच्या तोंडी अजूनही 'इर्विन') किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय, यांपैकी कुठेही घडू शकेल असा प्रसंग कल्पू. परिचारिकेपुढे चार रुग्ण एकदमच येतात. मोटारसायकलवरून पडून मांडीचे हाड मोडलेला तरुण मोठमोठ्याने ओरडतो आहे. आदल्या दिवशी कपाशीवर फवारणी करून रात्री घरी कोसळलेल्या शेतकऱ्याच्या तोंडाला फेस आहे. तापाने फणफणलेले एक आजोबा भिंतीला टेकून गप्प बसले आहेत. चौथा, जमिनीवर झोपलेला एक मुलगा. पोटात दुखते म्हणून उठला आणि आता नुसता पेंगतो आहे. "सिस्टर, आमच्या मानसाले आंधी पाहा नं जी!" ओरडणाऱ्याचे नातेवाईक विनवतात. डॉक्टर पोहोचायला काही मिनिटे लागणार आहेत.

सिस्टर पहिल्यांदा ओरडणाऱ्याकडे जात नाही. यात निष्ठुरपणा नाही. जो सलग वाक्ये ओरडू शकतो त्याची श्वासनलिका मोकळी आहे आणि फुप्फुसांत हवा जाते आहे, हे त्याच्या आवाजावरूनच कळते. परिचारिकेचा क्रम ठरलेला असतो: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग शुद्ध. हा क्रम शरीरानेच घालून दिला आहे. प्राणवायू तुटला तर मेंदूला काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. मोडलेले हाड मात्र तेवढे थांबू शकते.

म्हणून पहिला शेतकरी. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकांनी शरीरातील एक विकर निकामी होते. नसेचा निरोप स्नायूंना व ग्रंथींना पोहोचवणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य, काम झाल्यावर तोडून टाकणारे हे विकर. ते बंद पडले की निरोप थांबतच नाही. लाळ व फुप्फुसांतील स्राव वाहत राहतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, नाडी मंदावते. माणूस जणू आपल्याच स्रावात बुडतो. सिस्टर हातमोजे घालून त्याला कुशीवर वळवते, नळीने स्राव ओढून घेते, प्राणवायू लावते. विषाने भिजलेले कपडे काढून अंग साबणाने धुवायचे असते, कारण विष कातडीतूनही आत जात असते. डॉक्टरांच्या आदेशाने ॲट्रोपिन सुरू होते. ते पुरेसे झाले की नाही हे छाती कोरडी झाली का आणि नाडी वाढली का यावरून ठरते. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा या आजाराची चर्चा राज्यभर झाली.

दुसरा क्रमांक पेंगणाऱ्या मुलाचा. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण मण्यार रात्री झोपेत चावते, दंश फारसा दुखत नाही आणि खूण बहुधा सापडत नाही. पोटदुखी, मग जड पापण्या, मग श्वासाचे स्नायू लुळे, असा विषाचा प्रवास असतो. सिस्टर त्याला वर पाहायला सांगते, मान उशीवरून उचलायला सांगते. पापणी किंवा मान उचलत नसेल तर ती झोप नव्हे. प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची तयारी लगेच करायला हवी.

आजोबांचे श्वास मिनिटाला २८ भरतात. निरोगी प्रौढ माणसाचे विसावलेल्या स्थितीत साधारण १२ ते २० असतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली अशा मोजमापांना गुण देणारा राष्ट्रीय तक्ता तयार झाला, २०१७ मध्ये तो सुधारला गेला. श्वास, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्ध, तापमान यांना गुण. बेरीज ७ झाली की तातडीने वैद्यकीय पथक बोलवायचे. श्वास २५ किंवा अधिक असले तर त्या एकाच बाबीचे ३ गुण. तक्ता चांगला आहे, पण पापणी जड झाली हे त्यात लिहायला रकाना नाही, हेही खरे. उलट कधी डोळ्याला न दिसणारे आकडा दाखवतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट अमरावती व अकोल्यात लवकर उसळली आणि तेथे टाळेबंदी लागली. कोविडमध्ये प्राणवायू बराच घसरूनही गप्पा मारणारे रुग्ण असत. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरनेच ते उघडे पडत.

आता मांडी मोडलेला तरुण. त्याच्या पायाला आधार द्यायचा, वेदनाशामक द्यायचे, पावलाची नाडी पाहायची. पण मोडलेल्या मांडीत लिटरभर रक्त आतल्या आत साचू शकते. तो एकाएकी शांत झाला, अंग गार व घामेजलेले लागले, नाडी धावू लागली, तर यादीत तो झटकन वर चढतो. क्रम दर फेरीला नव्याने लावावा लागतो. ४० रुग्णांचे श्वास एकेक मिनिट मोजायचे तर एका फेरीला नुसत्या मोजणीचीच ४० मिनिटे होतात. घाईत मग पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले जाते.

त्यातील चूक वर्गात पाहता येईल. विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. एकाने मनात वाचावे, दुसऱ्याने त्याच्या छातीची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजावी. मग पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावे. एका श्वासाची चूक गुणाकारात चारची होते. म्हणजे २४ चे २८ होतात, किंवा, अधिक वाईट, २८ चे २४. पुढे 'तुझे श्वास मोजतो आहे' असे सांगून पुन्हा मोजावे. बहुतेकांचा श्वास बदलतो. म्हणूनच अनुभवी सिस्टर नाडी मोजून झाल्यावरही मनगट सोडत नाही. रुग्णाला वाटते नाडीच पाहते आहे. तिची नजर छातीवर असते.