गोणपाटाचं लपण

गायपारध्यांच्या शिकारीतला खरा गुरू म्हणजे त्यांची गाय. शिकवून तयार केलेली ही गाय चरत चरत तित्तरांच्या दिशेने सरकायची आणि तिच्या आडोशाने पारधी फासे घेऊन पुढे जायचा. रानातलं पाखरू गुराला भीत नाही, माणसाला भितं, ही त्यामागची जाण. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १९००च्या सुमारास हेच केलं. लाकडी सांगाड्यावर बैलाचं कातडं चढवलं आणि आत कॅमेरा घेऊन माणूस शिरला. पारध्याला तित्तर हवा होता, या भावांना पक्ष्याचा फोटो. आडोशाची विद्या मात्र एकच.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला, पण ही विद्या बुडू देऊ नये असं मला मनापासून वाटतं. पक्षी पाहणाऱ्यांनी आणि फोटो काढणाऱ्यांनी ती लपणाच्या रूपात जपली आहे, आणि लपण घरच्या घरी करता येतं.

चार बांबू, आडव्या काठ्या, सुतळी आणि जुनी गोणपाटं एवढं पुरतं. चार फूट लांब, तितकंच रुंद आणि बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर जागा राहील इतकं उंच. सगळी मेख कापडात आहे. वाऱ्यावर फडफडणारं गोणपाट पाखरांना दुरूनच उधळून लावतं, म्हणून ते चारही बाजूंनी ताणून शिवावं आणि खालची कड दगडांनी दाबावी. पाठीमागून उजेड आत आला, तर समोरच्या भोकातून तुमची हालचाल दिसते. तेव्हा मागची बाजू दुपदरी हवी, आणि आत बसणाऱ्याचा सदरा गडद. भोकं बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत येतील अशी ठेवावीत आणि त्यांवर आतून विरळ जाळी लावावी. वरून डहाळ्या तोडून खोचायचा मोह टाळावा. हिरवा पाला दुपारपर्यंत सुकतो, रंग बदलतो, शिवाय झाडही बोडकं होतं. आसपासचं वाळलं गवत चांगलं.

जागा निवडताना सकाळचं ऊन पाठीशी घ्यावं. सशा-कोल्ह्यांची आशा असेल, तर वारा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवा. जागा कुणाच्या शेतात असेल तर मालकाला विचारावं, अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. आणि घाई करू नये. आधी लपण पाखरांच्या जागेपासून लांब उभारून तसंच सोडावं, मग रोज थोडं थोडं पुढे सरकवावं. बसायच्या दिवशी सोबत एक जण न्यावा. दोघांनी आत शिरायचं आणि सोबत्याने मोठ्या पावलांनी निघून जायचं. माणूस गेला असं समजून बरीचशी पाखरं परत येतात. आधी होले, बुलबुल येतील. बुजरा तित्तर वाट पाहायला लावील.

असं बसून काय हाती लागतं, हे पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी दाखवलं. अलिबागजवळच्या किहीमला शिडीच्या माथ्यावर कॅनव्हासचं लपण करून त्यांनी सुगरणीची वसाहत न्याहाळली. नर घरटं अर्धवट विणतो, मादी ते पारखून पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसऱ्या घरट्याला लागतो, हे त्यांनी १९३१च्या लेखात मांडलं.

तरीही घरट्याजवळ लपण उभारू नये, असं माझं ठाम मत आहे. अलींचं काम अभ्यासकाचं होतं. आपण हौसेपोटी गेलो आणि मादी अंड्यांवरून उठून गेली, तर उन्हात अंडी जातात. कायद्यानेही रानपाखरांची अंडी-घरटी छेडणं शिकारीतच धरलं आहे. लपण पाणवठ्याशी असावं, तेही पलीकडे दुसरं पाणी असेल तरच. तहानलेली पाखरं काठाच्या झुडपात येऊन थांबली आणि पाण्यावर उतरेनात, तर उठावं, लपण उचलावं आणि बरंच मागे नेऊन पुन्हा रोवावं.