पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला निरोप

हातातलं काम चालू असेल तर चालू राहू दे, कान तेवढा इकडे द्या.

गटाच्या बैठकीत एक वाक्य मला वरचेवर ऐकू येतं. कुणाला म्हटलं, "ताई, या प्रशिक्षणाला नाव देऊ का तुमचं?" की उत्तर तयार असतं, "आता काय माझं वय राहिलंय का? सुनेचं घाला." बोलणारी बाई चाळीस-पंचेचाळिशीची असते. तिच्या हातची चव अख्ख्या गावाला ठाऊक असते. तरीही ती स्वतःला खर्चाच्या खात्यात टाकून मोकळी झालेली असते. म्हणून आज मी तुम्हाला इंग्लंडमधल्या एका नटीची गोष्ट सांगणार आहे. नाव लिझ स्मिथ. नटी म्हटलं की जी डोळ्यांपुढे येते, तशी ही नव्हती. ही होती चरित्र अभिनेत्री.

चरित्र अभिनेत्री म्हणजे कोण, ते आधी बघू. सिनेमात नायक-नायिका असतात, त्यांच्याभोवती गोष्ट फिरते. पण नायिकेला आई लागते, शेजारीण लागते, दुकानात सौदा घेणारी म्हातारी लागते. ही माणसं खरी वाटली नाहीत तर नायिकाही खोटी वाटते. अशी माणसं उभी करणं हाच जिचा धंदा, ती चरित्र अभिनेत्री. पोस्टरवर तिचा चेहरा मोठा नसतो. सिनेमा संपल्यावर "ती आजी कोण होती गं?" असं आपण विचारतो, तेव्हा ती जिंकलेली असते.

लिझबाईंचं खरं नाव बेटी ग्लेडल. जन्म 11 डिसेंबर 1921 चा, इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या स्कनथॉर्प या गावचा. बेटी दोन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. पुढे वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि पहिल्या संसाराशी नातं तोडलं. त्यात ही मुलगीही तुटली. आजीनं तिला वाढवलं.

आजोबांचा मात्र एक छंद होता, सिनेमा. चार वर्षांच्या नातीला ते सोबत न्यायचे. तिथं तिला जी गोडी लागली ती कायमची. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर गावातल्या हौशी कार्यक्रमांत ती कामं करू लागली, आणि गंमत अशी की तिच्या वाट्याला बहुतेक म्हाताऱ्या बायकांचीच कामं यायची! वेणी घालायच्या वयाची पोर पाठीत वाकून, आवाज बारीक करून म्हातारी व्हायची. घरात आजी होतीच. निरीक्षणाला दुसरीकडे जायला नको.

मग दुसरं महायुद्ध आलं. इंग्लंडमधल्या लाखो तरुणी तेव्हा घराबाहेर पडल्या. कुणी कारखान्यात गेल्या, कुणी शेतावर. बेटी नौदलाच्या महिला दलात भरती झाली. नोकरीच्या निमित्तानं ती आपल्या भारतातही येऊन राहिली. इथंच तिला जॅक थॉमस भेटले आणि युद्ध संपता संपता दोघांचं लग्न झालं.

आजीनं जाताना नातीसाठी थोडे पैसे मागे ठेवले होते. त्या पैशातून बेटीनं लंडनमध्ये घर घेतलं. बायकांनो, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते. आई नाही, बाप पाठ फिरवून गेलेला, अशा मुलीच्या डोक्यावर छप्पर आलं ते आजीच्या शिलकीतून. बाईनं बाईसाठी मागे टाकलेला पैसा किती लांब जातो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

दोन मुलं झाली, एक मुलगी आणि एक मुलगा. पण संसार टिकला नाही. 1959 मध्ये घटस्फोट झाला. तेव्हाच्या इंग्लंडमध्येही एकट्या बाईनं मुलं वाढवणं सोपं नव्हतं. पैशाची ओढाताण होती. बेटीनं मिळेल ते काम केलं. प्लास्टिकच्या पिशव्यांच्या कारखान्यात केलं, दुकानांत केलं.

आता इथं नीट लक्ष द्या, कारण गोष्टीचा गाभा इथंच आहे. या सगळ्या वर्षांत तिनं अभिनय सोडला नाही. दिवसभर पोटासाठी काम आणि संध्याकाळी छोट्या नाट्यगृहात तालीम. त्यातून फारसा पैसा नाही, नाव नाही. चार्ल्स मॅरोविट्झ नावाचे अमेरिकेहून आलेले एक दिग्दर्शक तेव्हा लंडनमध्ये नटांना नव्या पद्धतीनं शिकवत होते. पाठ केलेले संवाद म्हणायचे नाहीत. प्रसंग द्यायचा आणि त्या माणसाच्या जागी उभं राहून जे सुचेल ते बोलायचं. त्यांच्या गटात ती शिकली. सुट्टीच्या दिवसांत बटलिन्सच्या शिबिरांत, म्हणजे कामगार कुटुंबं सुट्टी घालवायला जात त्या ठिकाणी, लोकांची करमणूकही तिनं केली. मोठं काम मात्र मिळत नव्हतं. चाळिशी अशीच सरत आली.

1970 साल. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर हॅम्लीज नावाचं खेळण्यांचं प्रसिद्ध दुकान आहे. या नावाची दुकानं आता आपल्या मुंबईतही आहेत. नाताळच्या गर्दीत बेटी तिथं खेळणी विकत होती. आणि तिला निरोप आला. माइक ली नावाचा एक तरुण दिग्दर्शक आपला पहिला सिनेमा काढत होता. त्याला एका पिचलेल्या, मन मारून जगणाऱ्या आईच्या कामासाठी मोठ्या वयाची बाई हवी होती. पण साधीसुधी अट नव्हती. जिला संवाद न लिहून देता प्रसंग उभा करता येतो, अशीच बाई त्याला हवी होती.

माइक ली यांची पद्धतच तशी आहे. सुरुवातीला हातात संहिता नसते. प्रत्येक नटाशी बसून ते आधी माणूस घडवतात. ही बाई कुठं जन्मली, काय खाते, कुणाला भिते, सगळं. मग दोन माणसांना समोरासमोर आणतात आणि त्यांना बोलू देतात. त्या तालमींतून सिनेमा आकाराला येतो. हे काम दिसायला देखणं असून भागत नाही. त्यासाठी आयुष्य पाहिलेलं असावं लागतं आणि हात बसलेला असावा लागतो. बेटीकडे दोन्ही होतं. वर्षानुवर्षांच्या त्या बिनपैशाच्या तालमी त्या दिवशी कामाला आल्या.

सिनेमाचं नाव 'ब्लीक मोमेंट्स'. तो 1971 मध्ये आला. बेटी आता लिझ स्मिथ झाली होती. वय पन्नाशीला टेकलेलं.

दोनच वर्षांनी, 1973 मध्ये, माइक ली यांनी बीबीसीसाठी 'हार्ड लेबर' हा चित्रपट केला. त्यात लिझबाईंना मुख्य काम दिलं, मिसेस थॉर्नली नावाच्या बाईचं. ही बाई स्वतःच्या घरचं सगळं करते, नवऱ्याचं करते, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन साफसफाईही करते. फार बोलत नाही. तिच्याकडे कुणी बघतही नाही. सिनेमात अशी बाई बहुधा कोपऱ्यातून ट्रे घेऊन येते आणि निघून जाते. इथं कॅमेरा तिच्यावरच थांबतो. आपल्यात धुणीभांडी करणाऱ्या कितीजणी आहेत! शब्द इंग्रजी असले तरी ते थकलेले खांदे आपल्या ओळखीचेच आहेत.

नंतर कामं येत गेली. 1984 च्या 'अ प्रायव्हेट फंक्शन' या चित्रपटाची गंमत ऐका. गोष्ट 1947 ची. युद्ध संपलंय, पण इंग्लंडमध्ये अजून रेशन आहे, मटण मोजून मिळतं. तिकडे राजकन्या एलिझाबेथचं लग्न ठरलंय. गावातले बडे लोक मेजवानीसाठी चोरून एक डुक्कर पाळतात आणि एक साधं जोडपं ते पळवतं! घरात डुक्कर लपवलेलं आणि त्याच घरात बायकोची म्हातारी आई. ती आई म्हणजे लिझबाई. बायकोचं काम मॅगी स्मिथ यांचं होतं. या कामासाठी लिझबाईंना सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. बाफ्टा हा ब्रिटनमधला सिनेमाचा सगळ्यात मानाचा पुरस्कार. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

त्यानंतर ब्रिटनच्या घराघरांत त्या पोचल्या त्या टीव्हीमुळे. 1994 मध्ये सुरू झालेल्या 'द व्हिकार ऑफ डिबली' या मालिकेत त्या लेटिशिया क्रॉपली होत्या. गावातली प्रेमळ बाई, पण स्वयंपाक असा की कशात काय घालेल याचा नेम नाही. ती डबा उघडू लागली की समोरच्यांचे चेहरे पडायचे आणि बघणारे पोट धरून हसायचे.

पण त्यांची सगळ्यात लाडकी भूमिका म्हणजे 1998 मध्ये सुरू झालेल्या 'द रॉयल फॅमिली'तली आजी, नाना. नाव रॉयल असलं तरी हे राजघराणं नव्हे. मँचेस्टरचं कामगार कुटुंब, आडनाव रॉयल. सगळे बैठकीच्या खोलीत टीव्हीपुढे बसतात, चहा पितात, एकमेकांना टोमणे मारतात. एवढीच मालिका. मागून हसण्याचे रेकॉर्ड केलेले आवाजही नाहीत. नाना ही घरातल्या बाईची आई. ती येते, गाऱ्हाणी सांगते, लाड करून घेते आणि जावई तिच्या नावानं बोटं मोडतो. 2006 मध्ये 'द क्वीन ऑफ शीबा' नावाचा खास भाग आला. त्यात नाना अंथरुणाला खिळलेली आहे. तिची खाट त्याच टीव्हीच्या खोलीत मांडली आहे आणि लेक तिचं सगळं करते आहे. केस विंचरणं, गप्पा, थट्टा, आणि मग मरण. इतकी वर्षं हसलेला देश त्या रात्री रडला. लिझबाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या.

लहान मुलांनाही त्या ठाऊक आहेत. 2005 च्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' सिनेमात चार आजी-आजोबा एकाच पलंगावर झोपलेले आहेत ना, त्यातली जॉर्जिना आजी म्हणजे त्याच. 2006 मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. 2009 मध्ये त्यांना 'एमबीई' हा राजकीय सन्मान मिळाला. त्याच वर्षी पक्षाघाताचे झटके आल्यामुळे त्यांनी काम थांबवलं. 24 डिसेंबर 2016 रोजी, वयाच्या पंच्याण्णव्या वर्षी, त्या गेल्या.

मैत्रिणींनो, ही गोष्ट ऐकून "देर आये दुरुस्त आये" म्हणून टाळ्या वाजवायला मी सांगणार नाही. ते खरं होणार नाही. चाळिशीतली त्यांची वर्षं कारखान्यात आणि दुकानांत गेली, ती कुणी परत दिली नाहीत. त्यांच्यासारख्याच गुणी पण ज्यांना निरोप कधी आलाच नाही, अशा किती बायका असतील, त्यांची गणती कुणी केलेली नाही. निरोप येणं आपल्या हातात नसतं.

आपल्या हातात दुसरी गोष्ट असते. निरोप आला तेव्हा लिझबाईंना नव्यानं शिकायला लागलं नाही, कारण संध्याकाळची तालीम त्यांनी मोडली नव्हती. आणि म्हातारपण, एकटेपण, पैशाची चणचण, ज्याला लोक आयुष्य वाया गेलं म्हणतात, तोच त्यांचा माल होता. मिसेस थॉर्नलीचे खांदे आणि नानाचा हट्ट विशीतल्या पोरीला साधला नसता.

तेव्हा पुढच्या बैठकीत प्रशिक्षणाची यादी निघाली की सुनेचं नाव जरूर द्या. तिलाही पुढे जाऊ द्या. पण त्याच्या खाली आपलंही लिहा. आणि आठवड्यातली एक संध्याकाळ, जी गोष्ट तुम्हाला येते आणि आवडते तिच्यासाठी राखून ठेवा. गाणं असो, भरतकाम असो, हिशोब असो. घरचे विचारतील, "याचा उपयोग काय?" तर सांगा, "तालीम चालू आहे."

आज इथंच थांबते. पुढच्या वेळी भेटूच. नमस्कार.