थंडीत गाडी थरथरते? आधी आवाज ऐका, मग खर्च करा

डिसेंबर-जानेवारीत मिसरोदची पहाट कडाक्याची. मासळीची डिझेल गाडी तासभर अडली की बाजार हुकला, भाव पडला.

स्टार्टर हळू, रडत फिरतो? मग बॅटरी बघा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर घासून काढा, नट आवळा.

स्टार्टर जोरात फिरतो, पण गाडी थरथरत, पांढरा धूर सोडत चालू होते? मग ग्लो प्लग तपासून घ्या. चारातला एक गेला तरी तो सिलिंडर थंडच राहतो. चावी फिरवली की कॉइलचा दिवा विझेपर्यंत थांबा. ईथरचा स्प्रे मारू नका, तापलेल्या प्लगवर भडका उडून इंजिनचं नुकसान होतं.

गाडी गरम होऊनही धूर थांबला नाही, तर मेकॅनिककडे न्याच.