‘सर्वात जास्त काय आवडतं?’ हा संशोधन प्रश्न का होत नाही

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: “तुमचा संशोधन प्रश्न काय?” मी पहिल्यांदा गेलो तेव्हा “अमुक गोष्टीचा अभ्यास करणे” असं ठोकून दिलं होतं. समोरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “हा विषय झाला. यात प्रश्न कुठे आहे?” त्या वर्षी माझी निवड झाली नाही. तुमचं वर्ष असं जाऊ नये म्हणून विषय आणि प्रश्न यांतला फरक आज ओळखीच्या उदाहरणावरून पाहू. समजा तुम्ही ठरवलंत: डोरेमॉनच्या भागांमध्ये प्रेक्षकांना सर्वात जास्त काय आवडतं?

१. कोणता डोरेमॉन, कोणते प्रेक्षक?

फुजिको एफ. फुजिओ यांची ही चित्रकथा जपानमध्ये १९६९ च्या अखेरीस सुरू झाली. टीव्हीवर १९७३ मध्ये एक मालिका आली, दुसरी १९७९ ते २००५ चालली आणि तिसरी २००५ पासून सुरू आहे. दुसरीत डोरेमॉनचा आवाज नोबुयो ओयामा यांचा होता, तिसरीत वासाबी मिझुता यांचा. आपल्याकडे बहुतेकांनी पाहिला तो हिंदी डबिंगमधला! म्हणजे नुसतं ‘प्रेक्षक’ म्हणून भागत नाही. ‘हिंदीत डब झालेले भाग पाहणारी ८ ते १० वर्षांची मुलं’ असं लिहिलंत, की तुमची समष्टी ठरली.

२. ‘आवडणं’ मोजायचं कसं?

माझ्या भाचीला विचारलं, “डोरेमॉनमध्ये काय आवडतं गं?” उत्तर आलं, “गॅजेट्स!” मग म्हटलं, “बरं, एक गोष्ट सांग.” तिने पाठांतराच्या पावाची गोष्ट सांगितली. वहीच्या पानावर पाव दाबायचा, मजकूर त्यावर उमटतो, पाव खाल्ला की सगळं पाठ! हे तिने दोन वाक्यांत उरकलं. पण नोबिताने इतके पाव खाल्ले की पोट बिघडलं आणि पाठ केलेलं सगळं गेलं, हे सांगताना ती हसून लोळत होती.

एका मुलीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण एक गोष्ट लक्षात आली: थेट विचारलेलं उत्तर आणि गोष्ट सांगताना दिसणारी आवड वेगळी असू शकते. फक्त प्रश्नावली वाटली असती, तर हे हातातून निसटलं असतं.

३. आता प्रश्न तयार करू

बऱ्याच भागांचा सांगाडा सारखाच असतो. जियान मारतो किंवा शून्य मार्क पडतात, नोबिता रडत येतो, पोटावरच्या खिशातून गॅजेट निघतं, काम होतं, नोबिता हाव करतो आणि फजिती होते. शेवट आधीच माहीत असतो, मग मजा कशात? दोन परिकल्पना मांडता येतात: (अ) मजा नव्या गॅजेटची आहे, (ब) मजा फजिती कशी होणार याची वाट बघण्यात आहे. मुलांना भाग दाखवून नंतर गोष्ट सांगायला लावा आणि कोणत्या टप्प्याला किती वाक्यं मिळाली ते मोजा. मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करायची आणि त्यांचं किती जुळतं हे कोहेनच्या कप्पाने तपासायचं.

४. न बसणारं उदाहरण लपवू नका

एका गोष्टीत नोबिता टाइम मशीनने भूतकाळात जाऊन आपल्या वारलेल्या आजीला भेटतो. “तुला शाळेत जाताना पाहायचं होतं,” असं तिच्या मनात असतं, म्हणून तो पळत जाऊन आपलं दप्तर आणतो. टाइम मशीन इथे फक्त वाहन आहे, आणि शेवटी फजितीही नाही. तरी ही गोष्ट लोकांची फार लाडकी आहे. म्हणजे (अ) आणि (ब) दोन्ही अपुऱ्या पडतात. घाबरू नका, तुमचा खरा संशोधन प्रश्न बहुधा इथेच सापडेल.

आज स्वतःच्या विषयाबद्दल तीन ओळी लिहा: कोणाबद्दल? नेमकं काय मोजणार? आणि कोणतं उत्तर आलं तर मी चुकलो हे मान्य करेन? तिसरी ओळ लिहिता येत नसेल, तर तुमच्याकडे अजून विषयच आहे, प्रश्न नाही.