खेळताना डोळा काळानिळा झाला तर

खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, हा आपल्या जिल्ह्याचा मान. मुले-मुली हौसेने मैदानावर उतरतात, हे चांगलेच. मात्र खांबावर आपटून, कबड्डीत कोपर लागून किंवा चेंडू बसून डोळा काळानिळा होतो आणि घरचे त्या रंगालाच घाबरतात.

पापणीची कातडी अतिशय पातळ असते. तिच्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळते. हा रंग हिरवा-पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटे, दिवसातून चार-पाच वेळा अलगद ठेवावा. चोळू नये, फुंकर मारून शेकू नये. डोळ्यात दूध, तूप, मध घालू नये.

खरी भीती आतल्या इजेची. म्हणून सूज वाढण्यापूर्वीच चांगला डोळा झाकून मुलाला वर्तमानपत्रातील अक्षरे वाचायला लावावी. अंधुक किंवा दोन-दोन दिसणे, डोळा वर-खाली न फिरणे, बुबुळात रक्त दिसणे, उलट्या, गुंगी यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित रुग्णालय गाठावे. डोक्याला मार लागून दोन्ही डोळे काळे झाल्यासही तसेच करावे.

विटीपासून विशेष जपावे. डोळ्याभोवतीचे हाड मोठ्या चेंडूचा मार बराचसा झेलते. विटीचे टोक थेट बुबुळावर बसते. डोळा फुटल्याची शंका आल्यास धुऊ नये, दाबू नये. वरून कागदी पेला धरून नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.